हौशी फिल्मवाल्यांची फजिती कशी लिहावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मित्रमैत्रिणींनी नोकऱ्या सांभाळून, शनिवार-रविवारी शूटिंग करून एक फिल्म काढली. त्या काळात जे काही घडलं त्यावर आता विनोदी पटकथा लिहायला घेतली आहे. पहिला खर्डा वाचून दाखवला तर ऐकणारे म्हणाले, हे नुसते किस्से आहेत. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात विनोद वाढवला, तर पात्रं येडपट वाटू लागली आणि ज्या मित्रांवरून ती घेतली होती तेच दुखावले. आता पुढे काय करावं? आणि पात्रांची फिल्म शेवटी पूर्ण झालेली दाखवावी की नाही?

मी आधी सहायक दिग्दर्शक आणि मग लेखक-दिग्दर्शक म्हणून बहुतेक काम कमी पैशांच्या मराठी फिल्मवरच केलं आहे. तुमचा विषय मला फार जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किश्श्यांचं बघू. किस्सा आपण घडून गेल्यावर सांगतो आणि ऐकणारा आपला माणूस असतो, त्यामुळे तो हसतो. पडद्यासमोर बसलेल्याला मात्र घटना घडायच्या आधीच कळलेलं असावं लागतं की या लोकांना आत्ता, या क्षणी नेमकं काय हवंय. ‘जनरेटर बंद पडला’ यात हसण्यासारखं काही नाही. पण आईचं काम करणाऱ्या बाईंची सांगलीची एसटी सव्वासहाला आहे, त्यांचा एकच शॉट उरलाय, खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत सरकत कपाटापर्यंत आलंय आणि त्यांना डोळ्यांत पाणी यायला दोन मिनिटं शांतता लागते, एवढं जर प्रेक्षकाला ठाऊक असेल, तर जनरेटरनं नुसता एक आचका दिला तरी थिएटर हसेल. तुमच्या खर्ड्यात अडचणी भरपूर असणार. त्या अडचणीआधीची गरज लिहायची राहिली असेल.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे टॉम डिचिलो यांची 1995 ची अमेरिकन फिल्म ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’. स्टीव्ह बुशेमी त्यात एका कंगाल फिल्मचा दिग्दर्शक आहे. पहिल्या भागात एकच प्रसंग घेतला जातोय, मुलगी आणि आई यांच्यातला. तो पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी काहीतरी बिघडतं. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, फ्रेममध्ये उतरतो, फोकस जातो, कुठूनतरी बीप बीप वाजायला लागतं. दोन-तीन टेकनंतर तो प्रसंग आपल्यालाच पाठ होतो. कुठल्या वाक्याला आईनं वर बघायचंय, कुठे थांबायचंय, हे आपल्याला माहीत होतं आणि आपण त्या युनिटमधले एक होऊन बसतो. मग सेटवरच्या चहा-कॉफीच्या टेबलावरचं नासलेलं दूध पोटात गेल्यामुळे कॅमेरामन ओकायला जातो. तेवढ्यात दिग्दर्शक दोघींना नुसती तालीम करायला सांगतो आणि त्या तालमीत दोघी इतकं सुंदर काम करतात की अंगावर काटा येतो. कॅमेरा बंद आहे. तिथे हसूही येतं आणि आतून तुटतंही. ही जागा आली कशी, ते नीट तपासा. नासलेलं दूध आधीच दाखवून ठेवलंय, बरोबर टेक कसा असतो हे आपल्याला शिकवून ठेवलंय आणि अभिनय खरोखर चांगला केलाय. त्या बाईंनी तालमीतही सुमार काम केलं असतं तर प्रसंग फुकट गेला असता.

यातून लेखकाच्या हातात पहिलं काम येतं. तुमच्या पटकथेतला असा एक शॉट निवडा, ज्यावर पात्रांचा जीव आहे. त्यात काय घडायला हवं ते प्रेक्षकाला एकदा, दोनदा पूर्ण दाखवा. मगच बिघडवायला लागा.

बिघाड कामाच्या आतून यायला हवा, हा माझा दुसरा आग्रह. हौशी फिल्मच्या विनोदात लोक हटकून केळ्याच्या सालीवर जातात. कुणीतरी वायरला अडखळून पडतो, कुणीतरी दिव्याला हात लावून भाजून घेतो. हे कुठल्याही हापिसात घडू शकतं, त्यासाठी फिल्मच कशाला हवी? तुमच्याकडे जे आहे ते फक्त या धंद्यात घडतं आणि बाहेरच्यांनी ते पाहिलेलं नसतं.

रूम टोनचंच बघा. एखाद्या खोलीत संवाद रेकॉर्ड झाले की साउंडवाला त्या खोलीची रिकामी शांतता अर्धा-एक मिनिट वेगळी घेतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. संकलनात दोन वाक्यांमधला नको तो आवाज कापला की तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं आणि ते भोक या शांततेनं भरायचं असतं. म्हणून तेवढा वेळ पंखा बंद, फ्रिज बंद आणि पंधरा माणसं जिथे आहेत तिथे पुतळे. कुणाच्या हातात चहाचा कप आहे, कुणी एका पायावर उभा आहे, कुणी उजेड परतवायचा थर्मोकोलचा पत्रा डोक्यावर धरलाय. नुकतंच ज्यांचं भांडण झालंय ते दोघे नाकाला नाक लावून उभे आहेत आणि कुणालाही हलता येत नाही. त्या मिनिटात तुमच्या सगळ्या पात्रांचे एकमेकांशी असलेले संबंध एका शब्दाविना दाखवता येतील. मी शिबिरांत नवीन लेखकांना पहिला अभ्यास म्हणून हाच प्रसंग लिहायला देतो.

किंवा फ्रिज घ्या. त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद करतात आणि पॅक-अपच्या गडबडीत चालू करायला विसरतात. त्यावर साउंडवाल्यांची जगभर चालणारी युक्ती अशी की स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची. घरी जायला निघालं की फ्रिज उघडावाच लागतो. आता समजा, किल्ली ठेवणारा त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर बसून निघून गेला आणि त्या घरात उद्या साखरपुडा आहे, फ्रिजमध्ये पन्नास माणसांचं श्रीखंड आहे. एवढ्या साहित्यातून एक अख्खा प्रसंग उभा राहतो आणि त्यात कुणीही मूर्ख नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलंय.

कुणीही मूर्ख नसणं, इथे तुमचा दुसरा खर्डा घसरला असावा. आपल्याकडे शूटिंगला जागा देतात ती माणसं प्रेमानं देतात आणि अडचणही बहुतेक त्या प्रेमातूनच येते. एका घरात आम्ही स्वयंपाकघरातला मोठा प्रसंग दोन दिवस घेत होतो. पहिल्या दिवशी अर्धा झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम लावली तर मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय वेगळंच.

‘काकू, पान उलटलंत का तुम्ही?’

‘हो, आज एक तारीख ना.’

‘पण आपल्या प्रसंगात अजून ऑक्टोबरच चाललाय.’

‘असू दे की. मग आजचं दूध मी कुठे मांडू?’

काकूंचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. दुधाचा हिशोब त्या वर्षानुवर्षं त्याच चौकोनांत लिहीत आल्या होत्या. कंटिन्यूटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात वस्तू जिथल्या तिथे राहतात ना, हे बघणाऱ्या मुलीचंही म्हणणं तितकंच रास्त होतं. दोन्ही बाजू बरोबर असतात तेव्हा विनोदाला खरी धार येते. त्या मुलीनं मग काकूंना आपल्या वहीचं पान फाडून दिलं, त्यावर नोव्हेंबरचे चौकोन आखून दिले, आणि काकू शूटिंग संपेपर्यंत दूध त्या कागदावर मांडत राहिल्या. त्यानंतर त्याच आम्हाला सांगायला लागल्या, ‘ते ताट काल डावीकडे होतं.’ अशा बाईंना ‘शूटिंगमध्ये लुडबुड करणारी म्हातारी’ करून टाकलं की प्रसंगातला प्राण जातो. त्यांचं पात्र लिहाल तेव्हा त्यांची बाजू घेऊन लिहा.

आता मराठीत या विषयावरची जी मोठी फिल्म आहे तिच्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. परेश मोकाशी यांची 2009 ची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. मोकाशी रंगभूमीवरून आलेले, ही त्यांची पहिली फिल्म, आणि भारतातर्फे ऑस्करच्या परभाषा विभागासाठी ती पाठवली गेली होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, एवढीच गोष्ट. फाळक्यांच्या चरित्रात रडवायला हवं तेवढं साहित्य आहे. धंदा सुटलेला, डोळे जवळजवळ गेलेले, विमा पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये लंडनला गेलेला, घरात लहान मुलं. मोकाशींनी ही सगळी दुःखं बाजूला न ठेवता आनंदी माणसाच्या अंगावर घातली. नंदू माधव यांचे फाळके अडचण आली की उजळतात. त्यांना स्वतःची कीव येत नाही, म्हणून आपल्यालाही येत नाही आणि आपण त्यांच्याबरोबर धावत सुटतो. तुमच्या नायकाला पहिल्या वीस पानांत कितीदा स्वतःची कीव आलीय ते मोजा. जिथे जिथे आलीय तिथे विनोद थांबलेला दिसेल.

फाळक्यांच्या अडचणी किती अस्सल होत्या बघा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. कुठल्याच थरातली बाई तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. बायकांची कामं करायला तयार झालेले पुरुष मिशी काढायला तयार नव्हते, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही हा रिवाज. म्हणजे त्या माणसापुढचा पेच खरा होता, घरी काय तोंड दाखवायचं हा. नाटक-सिनेमात काम करतो म्हणणं लाजिरवाणं होतं, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा. फिल्मचं नाव तिथून आलं. वांगणीला बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी गेली तर ढाल-तलवारी बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, आणि प्रकरण पाटील-फौजदारापर्यंत गेलं. यातला एकही प्रसंग कुणी गंमत म्हणून रचलेला नाही. गावानं तलवारी बघून फौजदाराला कळवणं हे शहाणपणाचंच होतं.

या सगळ्या प्रसंगांच्या मुळाशी एकच कारण आहे: सिनेमा काढतात म्हणजे काय करतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. फाळक्यांना भांडवल देणाऱ्यापासून फौजदारापर्यंत प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. भांडवलदारांची खात्री पटवायला त्यांनी रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली, ‘अंकुराची वाढ’. असं एकच मूळ कारण सापडलं की किश्श्यांची आपोआप गोष्ट होते.

मग तुमच्या गोष्टीचं मूळ कारण काय? माझ्या मते तुमची परिस्थिती फाळक्यांच्या बरोबर उलटी आहे. आज सिनेमा कसा काढतात हे प्रत्येकाला ठाऊक आहे. वाड्याचे मालक म्हणतात, ड्रोन शॉट घ्या. रिक्षावाले काका विचारतात, ओटीटीला देणार का? भाचा म्हणतो, हे तर मी फोनवर एडिट करतो. गावात ट्रायपॉड लावला की पाच मिनिटांत पन्नास मोबाइल तुमच्यावर रोखलेले असतात आणि तुमची फिल्म प्रदर्शित व्हायच्या आधी तिचा क्लायमॅक्स कुणाच्यातरी स्टेटसवर असतो. फाळक्यांचे गावकरी घाबरले, तुमचे गावकरी दिग्दर्शन करतात. हा धागा घट्ट धरा आणि तुमच्याकडचे किस्से त्याच्या कसोटीला लावून बघा. जे बसत नाहीत ते कितीही लाडके असले तरी काढून टाका.

फाळक्यांच्या गोष्टीतली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. कच्च्या फिल्मच्या पट्टीच्या कडेला भोकं पाडायचं किचकट काम त्यांनी रात्री जागून केलं, रसायनं हाताळली, उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. विभावरी देशपांडे यांनी ती भूमिका केलीय. बाई नवऱ्याच्या वेडाला हसतमुखानं सामील आहेत आणि कामात त्याच्या बरोबरीच्या आहेत. आपल्याकडे हौशी फिल्मवाल्यांच्या गोष्टीत बायको, आई, होणारी सासू यांना हटकून ब्रेकचं काम दिलं जातं. ‘हे धंदे बंद करा आणि नोकरी बघा’ एवढंच त्यांनी बोलायचं. हे खोटं आहे आणि विनोदाच्या दृष्टीनंही कुचकामी आहे, कारण पहिल्या भांडणानंतर पुढची भांडणं कशी होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या युनिटमधल्या मैत्रिणी नेमकं काय करत होत्या? प्रॉडक्शन कोण सांभाळत होतं? वडापाव कुणाच्या पैशानं येत होता? मला खात्री आहे की तिथे तुमच्या खर्ड्यापेक्षा जास्त गोष्ट पडून आहे.

पैशाबद्दल तिथेच बोलून घेतो. पैसा लिहाल तर आकडा लिहा आणि तो कुणाचा आहे ते लिहा. ‘बजेट संपलं’ हे वाक्य मेलेलं असतं. ‘बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली आरडी मोडून सत्तावीस हजार आणले आणि त्यातले नऊ हजार लेन्सच्या भाड्यात गेले’ म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये ती लेन्स दिसली की प्रेक्षकाच्या पोटात कालवाकालव होते. मग कुणी त्या लेन्सवर चहाचा कप ठेवला, तर संवादाची गरजच नाही.

मालेगावकडे वळतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि मालेगावही नाशिक जिल्ह्यातलंच, हा योगायोग मला आवडतो. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी आपल्या यंत्रमागवाल्या गावातल्या लोकांना घेऊन गाजलेल्या फिल्मच्या मालेगावी आवृत्त्या काढल्या. फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट 2008 मध्ये केला आणि 2012 मध्ये तो चित्रपटगृहांत आला. त्यात सायकलची कॅमेरा सरकवायची ट्रॉली होते आणि बैलगाडीची क्रेन होते. सुपरमॅन आहे यंत्रमागावर काम करणारा हडकुळा शफीक शेख. हा माहितीपट तुम्ही दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा प्रत्येक हशाला थांबवून बघा की आपण कशाला हसलो.

मी असं करून पाहिलं तेव्हा जाणवलं की बैलगाडीवर कॅमेरा चढतो तेव्हा येणारं हसू कौतुकाचं असतं. क्रेनचं काम काय, तर कॅमेरा सलग वर न्यायचा. बैलगाडीची दांडी ते करते. ती माणसं तंत्र समजून घेऊन ते हाताशी असलेल्या वस्तूत उतरवतात. ही बुद्धी आहे आणि बुद्धी चालताना बघणं हा विनोदातला एक फार मोठा आनंद आहे. तुमच्या मित्रांना दुखावलंय ते बहुधा हेच हरवल्यामुळे. त्यांची फजिती तुम्ही लिहिलीत, त्यांची हुशारी लिहायची राहिली. प्रत्येक पात्राला अशी एक गोष्ट द्या जी त्या युनिटमध्ये त्याच्याइतकी कुणालाच जमत नाही. एकाला उन्हाचा अंदाज अचूक येतो, एकीला कुणाही घरमालकाला हो म्हणायला लावता येतं, एकाच्या कानाला दोन गल्ल्यांपलीकडचा मिक्सर ऐकू येतो. मग त्याला चिखलात पाडलंत तरी तो लहान होत नाही. आणि ज्यांच्यावरून पात्रं घेतलीत त्यांना खर्डा वाचायला द्या. ‘हे नको’ म्हणतील तिथे वाद न घालता बदला.

शफीक शेख यांना पुढे कर्करोगानं नेलं. हे ठाऊक असताना माहितीपट बघितला तरी हसू आटत नाही, उलट जास्त मोकळं होतं, कारण हा माणूस उडताना किती खूष होता ते आपण बघत असतो. रीमा कागती यांनी याच मंडळींवर केलेली ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ ही कथाफिल्म 2024 मध्ये टोरांटोला दाखवली गेली आणि 2025 मध्ये आपल्याकडे लागली. तिचं लेखन वरुण ग्रोव्हर यांचं आहे. तिथे भर मैत्रीवर आहे. नक्कल करत राहायचं की स्वतःची गोष्ट सांगायची, यावरून दिग्दर्शक आणि लेखक मित्रांत फाटतं. तुमच्या सहा जणांतही असा एखादा वाद झालाच असेल. दिग्दर्शन म्हणून नाव कुणाचं, लेखन म्हणून कुणाचं, पोस्टरवर आधी कोण. तो टाळू नका. विनोदी फिल्मला एक खरं भांडण लागतंच आणि फुकट काम करणाऱ्यांत नावापेक्षा मोठं मानधन नसतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, फिल्म पूर्ण झालेली दाखवायची का? दाखवायचीच, आणि नुसत्या टाळ्या दाखवून भागवू नका, ती फिल्म आम्हाला बघू द्या. यासाठी शिनिचिरो उएदा यांची 2017 ची जपानी फिल्म ‘वन कट ऑफ द डेड’ अभ्यासा. पाहिली नसेल तर हा परिच्छेद सोडून आधी ती बघा. जवळपास तीस लाख येनमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या हिशोबानं अगदीच किरकोळ पैशात, एका अभिनय-शाळेच्या कार्यशाळेतून ती झाली. टोकियोतल्या दोन छोट्या चित्रपटगृहांत लागली आणि मग जपानभर पसरली. सुरुवातीची 37 मिनिटं एका सलग शॉटमध्ये झॉम्बींची एक सुमार फिल्म चालते. मध्येच पात्रं विचित्र थांबतात, निरर्थक बोलत राहतात, कॅमेरा उगाच जमिनीवर पडून राहतो. नंतर आपण तोच शॉट कॅमेऱ्यामागून बघतो आणि प्रत्येक विचित्र गोष्टीचं कारण कळत जातं. शेवटी क्रेन मोडते, तेव्हा सगळं युनिट एकमेकांच्या पाठीवर चढून मानवी मनोरा रचतं आणि वरून तो शेवटचा शॉट घेतं. दहीहंडी बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला तो क्षण काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. उएदांनी केलं ते असं की परिणाम आधी दाखवला आणि कारण मागून. आपण सुमार म्हणून ज्याला हसलो होतो त्याच शॉटसाठी दुसऱ्यांदा श्वास रोखून बसतो.

तुम्ही हीच रचना उचलू नका, ती आता ओळखीची झाली आहे. पण त्यातला हिशोब घ्या. पात्रांच्या फिल्ममध्ये जे पडद्यावर दिसेल त्यातल्या प्रत्येक खोटीमागे प्रेक्षकाला ठाऊक असलेली एक हकीकत असू द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ऑक्टोबर आहे, आणि तो ऑक्टोबर राहावा म्हणून काकू कागदावर दूध मांडत होत्या, हे माहीत असलेला प्रेक्षक त्या साध्या फ्रेमकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतो.

शूटिंगच्या अंगानं काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो, कारण फिल्मवरची फिल्म काढताना त्या हमखास आडव्या येतात. तुमच्या सेटवर दोन कॅमेरे, दोन बूम, दोन क्लॅपच्या पाट्या असतील, एक खरा आणि एक पात्रांचा. पात्रांच्या सामानाला रंगीत टेप लावून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी खऱ्या मेमरी कार्डाच्या जागी खोटं कार्ड कॉपीला जाईल. पात्र ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ म्हणणार, म्हणून तुमच्या युनिटनं ते शब्द वापरायचे नाहीत. मी अशा वेळी शिट्टी आणि हाताची खूण ठेवतो. कंटिन्यूटीच्या वह्या दोन करा, एक तुमच्या फिल्मची, एक त्यांच्या फिल्मची, आणि दोन्ही एकाच माणसाकडे देऊ नका. जो नट कॅमेरामनचं काम करतोय त्याला खऱ्या कॅमेरामनबरोबर चार दिवस काढू द्या. फोकस ओढताना बोटं कुठे असतात, थर्मोकोल धरणाऱ्याला वाऱ्यात कसं उभं राहावं लागतं, बूम धरून हात भरून आले की माणूस कोपर कुठे टेकवतो, हे चुकलं तर या कामातल्या माणसांना लगेच कळतं आणि बाकीच्यांनाही काहीतरी खोटं आहे असं वाटत राहतं. गावात बैल, म्हैस, कुत्रा कुणीही पात्र म्हणून लिहिणार असाल आणि चित्रपटगृहात जायचा विचार असेल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. बैलगाडीच्या प्रसंगाच्या प्रेमात पडण्याआधी ते अर्ज वाचून घ्या. खरं तर ती परवानगी मिळवण्याचा खटाटोप तुमच्या पटकथेतही शोभेल.

आणि सगळ्यात आधी पात्रांची ती फिल्म लिहा आणि तीच आधी शूट करा. चार-पाच मिनिटांची असू द्या. ती मनापासून चांगली करायचा प्रयत्न करा, मुद्दाम वाईट करू नका. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी पाहिला तेव्हा साळुंक्यांची तारामती बघायला माणसं हसण्यासाठी आली नव्हती, ती गोष्टीत बुडाली होती. तुमच्या सहा पात्रांना काय सांगायचं होतं, हे त्या पाच मिनिटांत कळायला हवं. ती हातात आली की तिच्यात कुठे सावली हलली, कुठे आवाज तुटला, कुठे नटाची नजर भलतीकडे गेली, याची यादी काढा. तिसऱ्या खर्ड्याला त्या यादीवरून सुरुवात करा.